वेटिंग चार्ज

पहाटे चारची वेळ दिली होती मला,
ट्रॅफिक जागं व्हायच्या आत सायन ओलांडायचं म्हणून.
डंकन रोडच्या मागच्या गल्लीत, तबेल्याशी
टेम्पो उलटा लावला, मागची फळी खाली सोडली,
धडाड्!
आणि पांढरी घोडी दोन पायांवर उभी.

संस्थेच्या बाई म्हणाल्या, बत्ताशी नाव तिचं.
आधी व्हिक्टोरिया ओढायची चौपाटीवर,
मग गाड्या बंद झाल्या तशी लग्नांत.
कानाजवळ बँड, खुरांजवळ फटाक्यांची माळ,
पाठीवर नव्वद किलोंचा घाबरलेला नवरा.
डाव्या डोळ्याखाली भाजल्याचा डाग होता,
चवलीएवढा.

वरातीमागून घोडं, आपण हसून म्हणतो.
ही कायम वरातीच्या पुढे होती.

मी ड्रायव्हर माणूस. भाजी, फरशी, एकदा पियानो,
सगळं चढवलंय. म्हटलं, दोघं पुढून ओढा,
दोघं मागून लोटा, पाच मिनिटांचं काम.
इब्राहिम परकारांनी नुसतं पाहिलं माझ्याकडे.
सत्तरीचे, मूळ दापोलीकडचे,
आधी तिच्या आईचा लगाम, मग हिचा, त्यांच्याच हातात.
"साडेचारशे किलो आहे ती," म्हणाले,
"हरायची एवढी घाई कशाला?"

फळीवर त्यांनी गोणपाट अंथरलं,
पोकळ आवाज मरावा म्हणून. वर पेंढा.
कडीच्या साखळीला स्वतःचा रुमाल गुंडाळला.
मला आतला दिवा लावायला सांगितलं, पुढचं छोटं दारही उघडायला.
"बीळ दिसता कामा नये. खोली दिसली पाहिजे."

बाईंचा पोरगा झापडं घेऊन आला.
डोळे झाकले की येईल म्हणाला.
"चौदा वर्षं मीच लावली तिला झापडं.
आज बघू दे, कुठं चाललीये ते."

बघत राहिली. पाऊण तास.
दोर सैल. ती एक पाऊल पुढे, तर दोर आणखी सैल.
मागे गेली, तर तेही मागे गेले तिच्याबरोबर,
जणू मागे जायचंच ठरलं होतं.
घोडं कुठं पेंड खातं, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं:
फळीच्या तिसऱ्या पट्टीवर, घमेल्यात, शेंगदाण्याची,
मान लांब करून,
मागचे दोन पाय मुंबईत.

दूधवाला थांबला, सल्ला देऊन गेला.
कुठल्याशा मजल्यावर कुकरची शिट्टी झाली
आणि चारही पाय पुन्हा गल्लीत.
परकार तिच्या खांद्याशी.
श्वास असा सोडायचे की मला फुटपाथवर ऐकू येई.
बऱ्याच वेळाने तिनेही सोडला, नाकातून, फुर्रर्र.
मग मी. धरून ठेवला होता हे मला माहीतच नव्हतं.

सहा वाजून गेले.
चढली तेव्हा कुणी नीट बघत नव्हतं:
बाई फोनवर, मी काचेवर फडकं मारत.
टाप, टाप, गोणपाटावर मऊ,
रोजचीच खोली असल्यासारखी.
मी धावलो दार लावायला. परकारांनी हात आडवा घातला.
"उतरू दे एकदा."
उतरली!
मी कपाळाला हात लावला.
"आता तिला माहीत झालं," म्हणाले, "उतरता येतं."
आणि ती त्यांच्या आधी वळली, चढली.

साखळी आवाज न करता लागली. रुमाल तसाच राहिला तिच्यावर.
ते बरोबर येणार नव्हते. कर्जतला मी काय करू, म्हणाले,
मला कुठे गवत चालतं.
खिडकीशी येऊन एवढंच:
"ब्रेक मारायच्या आधी सांग तिला.
मी बाकावरून सांगायचो. सवय आहे."

वेटिंगचे पैसे मी घेतले, लपवत नाही.
पण सायनच्या सिग्नलला,
शेजारचा स्कूटरवाला टक लावून बघत असताना,
मागच्या जाळीकडे मान वळवून म्हटलं,
"बत्ताशी, थांबतोय गं."

आत एक खूर सरकलं, रोवलं गेलं.
मग ब्रेक दाबला.