चौथी ओळ

प्रश्नाच्या आधी चपला काढतात लोक.
पायातल्याच नाही.
“सोप्पंच असंल मॅडम, हसू नका,
पण विचारतो” एवढं उंबऱ्याबाहेर ठेवून
मग आत येतो प्रश्न, अंग चोरून:
सेव्ह केलं, पण गेलं कुठं?

उदगीर, देगलूर रोड,
बॅटरीच्या दुकानावरचा मजला,
सहा कॉम्प्युटर, त्यातला एक नुसता शोभेला.
खालून ॲसिडचा वास, वर माझा आवाज:
इथं दाबा. नाही, डावं. तुमचं डावं.

शाहेदा बी पडद्यामागंसुद्धा वाकून बघतात,
बाजी, मेरी फाईल किदर गई?
लिंबाजी कसब्यांना डबल क्लिक जमेना.
बोट एकदा पडायचं, मग विचारात पडायचं,
मग पुन्हा एकदा.
म्हटलं, हलगीवर कसं? कडकड. मधी श्वास नाही.
तर त्यांनी अशी वाजवली
की एकाच फाईलच्या सतरा खिडक्या उघडल्या
आणि मशीन बसलं घाम पुसत.

आणि तो र.
पहिल्या महिन्यात कुणालाच सापडत नाही.
सरळ बसायचा सोडून
उडून य च्या डोक्यावर जातो.
“कुठं ठेवलाय हो ह्याला?” व्यंकटराव बिरादार विचारतात.
तीस वर्षं तलाठी.
सातबाऱ्यावर, सातबाऱ्यात, सातबाऱ्याची नक्कल,
शाईनं लिहिताना कधी अडला नाही,
आता बोटाखाली यायला तयार नाही.

मी सांगते. सोमवारी सांगते, बुधवारी सांगते,
रात्री फोनवर, भाकरी तव्यावर असताना.
फार चांगली आहे म्हणून नाही.
लातूरला मी शिकत होते तेव्हा सरांना विचारलं होतं,
हे बंद कसं करायचं?
सर म्हणाले, शेंबडं पोरगंबी सांगंल.
वर्ग हसला.
पुढचे तीन महिने मी भिंतीतली पिन उपटायचे,
कुणी बघत नाही ना, ते बघून.

तरी एका गुरुवारी,
लाईट तिसऱ्यांदा गेलेली, यूपीएस किंचाळतोय,
आणि व्यंकटरावांनी विचारलं. तेच. र.
तोंडून गेलं माझ्या:
“कालच सांगितलं की हो.”

त्यांनी वही मिटली. चष्मा डबीत. डबी खिशात.
जिना उतरताना
कठड्याला धरलेला हात तेवढा दिसला वरून.

आठ दिवस खुर्ची रिकामी.
मी तिच्यावर कुणाला बसवलं नाही,
बसवायला कुणी नव्हतंही, खरं सांगायचं तर.

नवव्या दिवशी आले. वही पुढं केली.
माझं एकेक उत्तर, तारखेसकट, पंचनाम्यासारखं:
एक, भाषा मराठी. दोन, ब. तीन, काना.
मग एक ओळ कोरी.
मग पाच.
“काय झालंय, चारला तुम्ही कायतरी करता
अन् तोंडानं सांगत नाहीत.
मी तीनदा बघितलं. लई चटकन होतंय ते.
मला वाटलं, आपल्यालाच दिसंना झालंय.”

मी र लिहून पाहिला.
हळू. स्वतःच्या हाताकडं परक्याच्या हातासारखं बघत.
खरंच की.
करंगळी शिफ्टवर जाऊन येते,
ना विचारता, ना सांगता,
उंदीर कणगीकडं जाऊन यावा तशी.
किती वर्षं चाललंय हिचं हे,
मलाच पत्ता नाही.

“ही बघा,” म्हटलं, “सापडली तुमची चौथी.
र दाबायच्या आधी, करंगळीनं शिफ्ट धरून ठेवायचं.”
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कोऱ्या ओळीवर टेकवलं,
आणि थांबले.
“घाई नको. कोणत्या हाताची?”
डाव्या.
“तुमच्या डाव्या
का माझ्या?”