एकोणतीस सेंटीमीटर

डावा डोळा तळहातानं झाकायचा, दाबायचा नाही.
चष्मा शिलाई मशीनवर.
टेपचं एक टोक डोळ्याशेजारच्या हाडाला धरलंय मी,
दुसरं ओढत मागं मागं चाललीय मृदुला,
हातात लाइटबिल.
वडगावात करंट नाही, माग गप्प,
उजेड खिडकीचा, खरा.

आधी मराठी पेपर धरला होता.
बेचाळीसवरही वाचत होतो धडाधड.
ती म्हणाली, पप्पा, तुम्ही वाचायलाच नाहीसा,
तुम्हाला म्हाईत हाय पुढं काय येतंय.
खरंच की.
'निधन' कळायला मला 'नि' पुरतो,
'पाणीपुरवठा' तर नुसत्या लांबीवरून.
आईच्या भाषेत डोळा काम करत नाही,
बसून खातो.

म्हणून कानडी.
शाळेत दोन वर्षं होतं, तेवढंच.
हे गोल, ह्याला शेपूट, ह्याच्या डोक्यावर पताका,
एकेक लावत जायचं.
पुसट झालं की पुसटच.

"थांब. शेपूट गेलं."
"हलायलासा की! परत."
तीस. बत्तीस. एकतीस.
मध्ये 'बाकी' आला, तो छत्तीसवरही वाचला मी;
तो धरला नाही तिनं.
दोन्हीकडं तोच आहे म्हणाली.

शंभर भागिले एकतीस, वहीच्या मागच्या पानावर.
उत्तर आलं आणि मग तिचं लक्ष गेलं:
टेपचे पहिले दोन सेंटीमीटर नाहीतच.
"पंधरा वर्षं नाहीत," सुगंधा आतून,
"मी मनात वजा करते."
म्हणजे एकोणतीस. साडेतीनला जरा कमी.
डावा, वजा करून, चोवीस. चारच्या वर.
चष्म्यात आहेत तीन आणि साडेतीन.

गेल्या खेपेला खडेबाजारात
ममदापुरांनी विचारलं होतं, कुठला तक्ता लावू?
मी ताठ बसून सांगितलं होतं, मराठी.
शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.
नंबर वाढला नाही म्हणून
येताना पाव किलो कुंदा घेतला होता.

एकोणतीसच्या आत सगळं लख्ख:
अंगठ्याची रेघ, टेपवरची शाई, तिथला हळदीचा डाग.
त्यापलीकडं एक निळा युनिफॉर्म
हातातलं पांढरं काहीतरी हलवतोय,
"अजून एकदा बघूया?" विचारतोय.

करंट आला. शेजारचा माग सुरू झाला, मग त्याच्या पलीकडचा.
टेप द्या इकडं, सुगंधा म्हणते,
गिऱ्हाईक उभं आहे.