रहिवासी

फाट्यावरच्या शेडवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं
'प्रवासी निवारा'.
पहिलं अक्षर उन्हानं खाल्लं,
आता नुसतं 'वासी निवारा' दिसते.
तिथं पंचफुला राहते.

सकाळी फरशी झाडते,
विड्यांची थोटकं, खर्र्याच्या पन्न्या एका कोपऱ्यात लोटते,
आणि उंबऱ्याला,
उंबरा नाहीच तिथं,
जिथं असायला पाहिजे होता तिथं
चुन्याची चार बोटं ओढते.

आणि आमचं गाव
भर मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत असताना
यवतमाळच्या गाडीची वाट पाहत
बाहेर उन्हात उभं राहते.
आत बाक रिकामा.
काहून ते कोणी म्हणत नाही.
डोक्यावर दुपट्टा घेते, लेकरू दुसऱ्या कडेवर घेते,
म्हणते, लेट आहे वाटते आज.

चहावाला गुणवंता तिचा कप
बाहेर खिळ्याला टांगते. कान तुटका.
चिल्लर ती ओट्यावर ठेवते,
तो वरून पाणी टाकून उचलते.
नोट असली तर?
नोट तिच्याजवळ नसते,
म्हणून हा प्रश्न अजून आला नाही.

मागच्या पोळ्याच्या आधी बोरिंगचा दांडा गेला.
पोट्टे सरळ फाट्यावर.
मीही होतो. ग्रामपंचायतीचा शिपाई मी,
असल्या कामाला मी लागतोच.
गाठोडं सोडलं.
दोन लुगडी. जर्मनचं गंज.
कोण्या लेकराचा एकच बूट.
आणि पन्नीत घडी केलेला कागद.
"वाच ना बे," मागून कोणीतरी.

घरपट्टी वसूल, रुपये चौसष्ट.
वॉर्ड तीन, घर नंबर एकशे बारा.
अक्षर माझं.

तिचा नवरा गेला तेव्हा
भासरा कार्यालयात आला होता,
तेरवीची बुंदी घेऊन.
सचिव म्हणाले, नमुना आठवर नाव बदलव.
मी पट्टी ठेवून लाल रेघ मारली.
सरळ आली.
सचिव म्हणाले, हात चांगला आहे तुझा.
बुंदीत वेलदोडा होता.

मधली दहा वर्षं ती कुठं होती
कोणी विचारलं नाही.
आली तर गाव म्हणते, कोठची कोण जाणे.
जिनं यांच्या लग्नातले सरगुंडे वळले
तिलेच.

"काय लिहिलंय?"
"काही नाही. जुनं बिल."
घडी होती तशीच घातली.
ती माझ्याकडे पाहत नव्हती.
त्या एका बुटाची लेस बांधत होती.

दांडा तिसऱ्या दिवशी सापडला.
सरपंचाच्या भाच्यानं वेल्डिंगले नेला होता.
त्याचं कोणी काही सोडून पाहिलं नाही.
हसले सगळे. मीही.

काल तहसीलला जायचं होतं.
फाट्यावर मी एकटाच,
सावली पायाखाली गेलेली.
तिनं गाठोडं उचलून खाली ठेवलं,
अर्धा बाक पदरानं पुसला.
"बसा ना भाऊजी. लेट आहे गाडी."

मी घड्याळात पाहिलं.
मनगटावर घड्याळ नव्हतं.