दुसऱ्या पलंगाची चादर

दोन बाय दोन फूट. सुती असावी. शुक्रवारपर्यंत द्यावी.
एवढं सांगून ती मुलगी गेली,
एका कानात तीन डूल, खांद्यावर झोळी.
फतेगंजच्या हॉलमध्ये भिंतभर लावणार म्हणे
बडोद्यातल्या आपल्या लोकांच्या गोधड्या.
‘आपल्या लोकांच्या’ म्हणताना
तिनं आम्हा दोघींकडे असं पाहिलं
जसं चष्मा कपाळावर ठेवून
चष्मा शोधणाऱ्याकडे पाहतात.

तरु म्हणते गोदडी, मी म्हणते गोधडी.
फरक एका श्वासाचा,
त्यावर सत्तावीस वर्षांचं भांडण.

माळ्यावरून बोचकं काढलं.
माझी बँकेची निळी साडी, पदराला शाई.
तिच्या चणियाचा हिरवा घेर,
गुडघा गेला त्या नवरात्रापासून घडी न मोडलेला.
केशरी, मंगळबाजारातल्या पडद्याचं.
लाल, तिच्या बापूजींच्या हिशेबाच्या चोपड्यावरचं,
ज्यात तिच्या नावापुढे
सत्याण्णवनंतर काहीच मांडलेलं नाही.
पिवळं नव्हतं, म्हणून पांढऱ्या रुमालाला हळद लावली.
जांभळं मिळालंच नाही.
नाही तर नाही, म्हटलं,
आपल्या घरात होतं तेवढंच लावू.

अस्तराला मोठं कापड हवं होतं.
तरु उठून मागच्या खोलीत गेली
आणि दुसऱ्या पलंगावरची चादर ओढून घेऊन आली.

दुसरा पलंग म्हणजे दाखवायचा.
पुण्याहून माझा भाऊ यायचा, नडियादहून तिची मासी,
‘ही मंदाची खोली, ही माझी.’
सकाळी उशीला मधोमध एक खड्डा पाडायचा,
चादरीला एक खोटी सुरकुती.
मिलची जाड चादर, दिवाळी-दिवाळीला धुतलेली,
तिच्यावर कुणी कूस बदलली नाही.
घरातलं सगळं विरलं,
माझे केस, तिचा आवाज, दाराचा पायपुसणा,
ती एक विरली नाही.

आणि गोधडीला विरलेलंच लागतं.
सुईला वाट देणारं,
अंगाची सवय झालेलं.
हिच्यावर नमुन्याचे चार टाके घालून पाहिले,
दोन सुया मोडल्या,
अंगुस्तान घालूनही बोटातून रक्त आलं.
मी म्हटलं, राहू दे, दुसरं काही बघू.
तरुनं चादर नाकाशी धरली, मग म्हणाली,
‘पहेलां आना पर सूवुं पडशे.’

तर निजलो.
सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, दुपारी दोन ते चार,
त्या तीन फुटी पलंगावर दोन म्हाताऱ्या,
माझी कोपरं, तिचा तो कडकड वाजणारा गुडघा,
वर पंखा, खाली भंगारवाल्याची हाळी.
तीन दुपारींत कापड विरत नाही,
हे दोघींनाही माहीत होतं.

मंगळवारी कडी लावायची राहिली.
कोकिळाबेन विरजण मागायला आल्या,
उंबऱ्यातून दिसलं असणार सगळं.
फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला,
मग लागल्याचा.
मी डोळे मिटून पडून राहिले,
तरु घोरतच होती.
दुसऱ्या दिवशी वाटी परत देताना म्हणाल्या,
फ्रिजचा दिवो गेलाय तुमच्या.
बस. एवढंच.

बुधवारी रात्री कापली. पोटात माझं जुनं परकर घातलं.
गुरुवारभर धावदोरा,
तिचे टाके बारीक, माझे लांब,
कुठे कुणी हातात घेतली ते कुणालाही ओळखू यावं.
एक कोपरा राहिला. राहिला तसाच दिला.

मुलीनं चिठ्ठी पुढे केली, नाव लिहा, आणि काहीतरी तिच्याविषयी.
तरुनं गुजरातीत ‘गोदडी’ लिहिलं.
मी खाली मराठीत दुरुस्त केलं.

भिंतीवर ती सगळ्यात ताठ दिसते.
दोन बाय दोन, कुणाच्या अंगाला पुरायची नाही,
फार तर एका गुडघ्याला.
उरलेली चादर आता आमच्या पलंगावर असते,
रात्री पायाला खरखरते.

मागच्या खोलीत नुसत्या फळ्या.
तरु त्यांवर पापड वाळत घालते.