काना

सां पेद्रच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते:
चार मोटारसायकली, टोपलीभर शेवटे आणि मी.
कायतान साखळी ओढतो, फळी वर येते.
कोण कुणापासून दूर जातंय, हे पाण्याला विचारू नये.
बाई सांगायच्या, सुटण्याच्या घटकेला
आपण ज्याला स्थिर मानतो, ते अपादान.
ते खरंच स्थिर असतं असं कुणी म्हटलंय?
चालत्या बोटीतूनही माणूस उडी मारतो,
तेवढ्यापुरती बोट हाच त्याचा किनारा.

याच पात्रातून कधीकाळी देव पलीकडे नेले.
जागा मागे राहिली
नुसती पंचमी विभक्ती होऊन.

सगुणाबाई पाध्ये, संस्कृतच्या, निवृत्त.
दिवाडीच्या चढावर घर, अंगणात बिंबलाचं झाड.
गेल्या श्रावणात झटका आला.
हात सुधारला. विभक्त्या गेल्या.
आता त्या म्हणतात: पाणी. खिडकी. मांजर. तू.
मांजराला पाणी, की पाण्यात मांजर,
की खिडकीतून तू?
मी प्रत्यय लावत बसते,
दुसऱ्याच्या सदऱ्याला गुंड्या लावाव्यात तशी.
निम्मे चुकतात. त्या मान हलवतात.
एखादा नेमका बसला की डोळे मिटतात
आणि वाक्य उजळतं, तुकडे जोडून नव्हे, अख्खं.
पोदेराचा भोंगा नुसता वळणावर वाजतो
आणि सगळी सकाळ घरात येते, तसं.

पंधरा वर्षांपूर्वी, याच खोलीत, क्विप् शिकवला होता.
क गेला. व गेला. इ गेली. प गेला.
मग उरलं काय, बाई?
काही नाही.
मग लावायचा कशाला?
लावल्याशिवाय शब्द होत नाही.
फळ्यावर लिहिलं: विद्युत्. म्हणाल्या, यातही तो आहे, शोध.
आणि तेवढ्यात वीज गेली.
इतक्या हसल्या की खडू मोडला.
मग अंधारातून आवाज:
गेलेलं वेगळं, नसलेलं वेगळं.
गेलेल्याची कामं चालू राहतात.

आज तिन्हीसांजेला त्या एकदम म्हणाल्या,
वच.
मी उठले. आमच्याकडे वच म्हणजे जा.
शेवटची फेरी चुकेल म्हणत असतील.
चपला शोधू लागले तर मान हलली. नाही.
वच.
मग धातू असेल. बोल, म्हणतायत?
मी बोलत सुटले. शाळेचं, खाजनात शिरलेल्या पाण्याचं,
कायतानच्या मुलीच्या लग्नाचं.
नाही.

ताटलीत बिंबलाचं लोणचं होतं.
त्यांनी बोट खारात बुडवलं
आणि मेजावर एक रेघ ओढली.
उभी. दोन बोटांएवढी.

वच् ला तोच प्रत्यय लागतो, जो उरत नाही.
जाताना तेवढा आतला अ लांबवून जातो.
वाच्. म्हणजे वाणी.
साऱ्या बोलण्यात त्याची खूण म्हणून
एक काना.

आणि आपल्या मराठीत वाच म्हणजे, अगं, वाच!

फडताळातून त्यांची जुनी वही काढली.
पहिलं पान, त्यांचंच अक्षर, शाई तांबूस झालेली.
वाचायला लागले. त्यांनी डोळे मिटले.
रेघेतला खार वाळत होता.
खाली भोंगा झाला, फेरी सुटली,
माझ्यापासून.