उधारीची वही

साखळीच्या आरोग्य केंद्रात, लसीकरणाच्या खोलीत
दर शनिवारी दुपारी आम्ही अकराजण
ऐकायला शिकतो.
भिंतीवर बाळांच्या वजनाचा तक्ता,
कोपऱ्यात बर्फाची पेटी.
इर्मेलिंदाबाई मडगावहून कदंब पकडून येतात,
पर्समधून लिंबाच्या गोळ्या काढून वाटतात
आणि म्हणतात, आज कोण पिणार, कोण विचारणार?

पहिल्यांदा मी विचारणारी.
अंगणवाडीतली सुलक्षा झाली दारुडी.
बाई म्हणाल्या, दारुडा-दारुडी नको.
दारू पिणारा माणूस म्हणा.
लांब होतं, होऊ दे.
शेवटी माणूस यायला हवा.

मी सुलक्षाला विचारलं, का पिता?
बाईंनी पेन्सिल आपटली.
"का" म्हटलं की समोरचा
स्वतःचा वकील होतो.
झोप लागते का विचार, जेवण जातं का विचार,
मग गप्प बस. मनात दहापर्यंत मोज.
मी चारावरच सल्ला दिला.

मोजण्यात तशी मी लहानपणापासून हुशार.
मयेच्या वाटेवर बाबांचा बार होता,
फणसाखाली चार टेबलं, एक डुगडुगतं.
शाळेतून आले की दप्तर टाकून
मी उधारी लिहायची:
सगुण गावस, हुर्राक, दोन कोप.
सगुण गावस, फेणी, एक निप, उकडलेलं अंडं.
सगुण गावस, फेणी. अंडं नाही.
(नाव बदललंय. तेही शिकवलंय आम्हाला.)
चतुर्थीच्या आधी बेरीज करायची,
आणि त्याची बायको मागल्या दाराने येऊन
पदराच्या गाठीतून फेडायची.
माझ्या कानातल्या कुड्या त्या वर्षीच्या.
वर्गात हे कुणाला सांगितलेलं नाही.

सातव्या शनिवारी खरी माणसं आली.
माझ्यासमोर जो बसला
त्याने खनिजाचा ट्रक चालवणारे हात
मांडीखाली दाबून ठेवले होते,
थरथर दिसू नये म्हणून.
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
"शाणूगेली धुव न्हय गो तूं?"

मी मोजायला लागले.
सात. आठ.
दहा झाले, अकरा झाले,
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती सुरू होत नव्हती.
एकोणिसाव्याला तो म्हणाला,
अक्षर बरें आशिल्लें तुजें.
माझं नाव इतकं नीट
दुसऱ्या कुणी कधी लिहिलं नाही.

मला माफी मागायची होती.
तोंडापर्यंत आली होती.
पण बाई पहिल्याच दिवशी बोलल्या होत्या,
त्या खुर्चीत बसून
आपली उधारी फेडायची नाही.
समोरच्याला उगीच ती मोजून घ्यावी लागते.

म्हणून विचारलं,
काल रात्री झोप लागली?
नाही म्हणाला. मग म्हणाला, पहाटे थोडी.
मग बायकोचं म्हणाला.
ती गेली त्याला तीन पावसाळे झाले,
मागल्या दाराची कडी अजून
तो लावत नाही.

मी लिहिलं:
सगुण गावस. झोप, दोन तास.
तेच अक्षर, तसंच उजवीकडे झुकलेलं.

जाताना त्याने लिंबाची गोळी घेतली,
खाल्ली नाही, खिशात टाकली.
पुढच्या शनिवारी आला नाही.
त्याच्या पुढच्याला आला,
दाढी करून, हनुवटीवर कापून घेऊन,
आणि दारातच विचारलं,
वही आणलीस?