निळं ठिगळ

दफ्तर म्हणजे बर्फाच्या कारखान्यामागची एक खोली,
टेबलाचा एक पाय विटेवर,
आणि भिंतीला टेकलेली नारिंगी लाइफ जॅकेटं.
साठ आली होती. साठच शिल्लक.
इथं म्हणतात, ते घालून निघणं म्हणजे
सरोवराला आपणहून आवतण देणं.

नैरोबीहून निरोप आला : ग्रुप काढा,
माणसं जोडा, रोज एक पोस्ट टाका.
मी काढला.
सुरक्षित मासेमारीची सात सूत्रं टाकली,
एक हसरा कोळी टाकला,
कुठल्या तरी भलत्याच समुद्रावरचा, दात फार पांढरे.
म्फांगानो बेटावरचे दोनशे चौदा जण आत आले
आणि मूग गिळून बसले.
अधूनमधून एखादा अंगठा यायचा,
बहुतेक माझ्याच भावाचा.

शुक्रवारी साहेब आकडे मागत :
किती जणांनी पाहिलं, किती जण बोलले.
मी लिहायची, पाहिलं दोनशे.
पुढच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून
शून्य.

मग ती अवसेची रात्र.
अवसेला ओमेना वर येते, दिव्यांना भुलते,
सगळं बेट पाण्यावर असतं.
पहाटे साडेतीनला अकोथचा आवाज आला,
नऊ सेकंदांचा, त्यातला अर्धा कोंबड्याचा :
"ओबुराची होडी पाहिली का कुणी?
शिडाला निळं ठिगळ आहे. पोरगा बरोबर आहे."

सात मिनिटं काही नाही.

मग ज्याचं नावही मी कधी धड वाचलं नव्हतं असा एक :
"दोनला मोठ्या खडकापाशी होता. मी दिवा हलवला,
त्यानंही हलवला."
दुसरा : "तीननंतर तिथं वारा फिरला."
मांदाझी तळणारी अलुओच : "लाटा आमच्या दाराशी उलट्या येतायत,
म्हणजे पूर्वेला बघा."
कुणी इंजिन देतो म्हणालं, कुणी पेट्रोल,
आणि युगांडाच्या बाजूचा एक,
ज्याला आत कुणी घेतलं देव जाणे,
म्हणाला, मी निघालोय, माझा दिवा हिरवा आहे, ओळखा.

मी चादर गुंडाळून बसले होते.
लिहायला बोट उचललं
आणि तसंच राहिलं.
सात सूत्रांत निळं ठिगळ कुठंच नव्हतं.

पोरगा सकाळी सापडला, पालथ्या होडीला बिलगलेला.
ओबुरा तिसऱ्या दिवशी.

त्यानंतर ग्रुप माझा राहिला नाही.
हरवलेली शेळी, ओमेनाचा भाव,
पास्टरची चोरलेली आणि परत आणून ठेवलेली फटफटी,
दोन भाऊबंदांचं भांडण, भर दुपारी, सगळ्यांदेखत.
साहेब म्हणाले, विषयाला धरून राहू द्या.
मी म्हटलं, बघते.
जॅकेटं एकेक करत गेली,
कुणी किती नेली त्याची वही अर्धवट.
म्हातारा क्वासा तर ते घालून
दुकानात उधारी मागायला जातो.

ओबुराचा नंबर अजून यादीत आहे.
लाल टोपी, उन्हानं बारीक झालेले डोळे.
जे बोलत नाहीत त्यांना काढा, असं पत्रकात आहे.
माझं बोट दोनदा तिथवर जाऊन आलं.

आणि आज पहाटे
त्याच टोपीखालून दोन ओळी आल्या.
अकोथनं सांगितल्या असणार, लिहिल्या पोरानं,
ऱ्हस्व-दीर्घ सगळं त्याच्या मनासारखं :
"खडकाकडचा वारा फिरलाय.
आज कुणी जाऊ नका."

उत्तर एकाचंही नाही.
खिडकी उघडली तर खाली अंधारात
होड्या वाळूवर ओढल्याचा आवाज,
एक, मग दुसरी, मग मोजता येईनात.

आज शुक्रवार.
आकडे अजून पाठवले नाहीत.